मुरमाड रानात बायोचार आणि खत: मक्याच्या एका हंगामानंतर

आमच्या सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे वाळलेली झाडं, बांधावर पेटवायची, हे ठरलेलंच. यंदा ती खड्ड्यात जाळली आणि निघालेला कोळसा, म्हणजेच बायोचार, खरिपाच्या मक्याला खतासोबत दिला. मका निघालाय, म्हणून लिहितो.

खड्डा वर रुंद, तळाला अरुंद. जाळ वरून लावायचा. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की पुढची पऱ्हाटी टाकायची. नवा जाळ खालच्या कोळशाला हवा लागू देत नाही. शेवटी भरपूर पाणी मारून विझवायचं. नीट जळालेला तुकडा खणखणतो आणि दाबला की चुरा होतो. तपकिरी, चिवट राहिलेला पुढच्या खड्ड्यात.

आता हिशोब. वाळल्या काडीच्या पाचव्या हिश्श्याएवढा कोळसा हाती येतो. एकरी 10 क्विंटल पऱ्हाटी धरा, कोळसा दोन क्विंटल. प्रयोगांत हेक्टरी 10-20 टन टाकतात, ते आपल्याला बापजन्मी जमायचं नाही! म्हणून फोकून न देता टोकणीच्या सरीतच दिला. तेवढ्यावर जेमतेम अर्धा एकर निघतो.

कोरडा कोळसा थेट मातीत घालू नये, तो सुरुवातीला पिकाचं नत्रच धरून बसतो. शेणखत, गोमूत्र आणि थोडा युरिया मिसळून पंधरवडाभर ओल्या गोणपाटाखाली मुरवला. ढिगातून डोळ्यांना झोंबणारा वास आला तर नत्र उडून चाललंय असं समजा. वर शेणखताचा थर द्या.

काही ओळींना मुद्दाम नुसतं खत दिलं, काहींना न मुरवलेला नुसता कोळसा, बाकीच्यांना दोन्ही. नुसत्या कोळशाच्या ओळी गुडघाभर होताच खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत गेली. नत्र कमी पडल्याची ही मक्यातली ठरलेली खूण. बायोचार म्हणजे कणगी, धान्य नव्हे. शिफारशीचं हेक्टरी 120:60:40 किलो नत्र, स्फुरद, पालाश द्यावंच लागतं, नत्र तीन हप्त्यांत. युरियाची गोणी वाचेल या आशेने कुणी करत असेल तर करू नका.

खरा फरक पडला तो तुरा निघताना पावसाने ताण दिला तेव्हा. नुसत्या खताच्या ओळींनी दुपारी पानांच्या सुरळ्या केल्या, दोन्ही दिलेल्या ओळी बऱ्याच उशिरा सुकू लागल्या. काढणीनंतर धांडं उपटून पाहिलं तर काळ्या खड्यांभोवती पांढऱ्या मुळ्यांचं जाळं. कणसं टोकापर्यंत भरलेली. शेजारच्या ओळींत टोकाला बोटभर रिकामी.

हे सगळं मुरमाड तुकड्यातलं. खालच्या काळ्या रानात ओळी ओळखूसुद्धा आल्या नाहीत. जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशोब 2017 साली आला, त्यात उष्ण प्रदेशांत उत्पादनवाढ सरासरी 25 टक्के, थंड देशांत जवळपास काहीच नाही. पण ती वाढ प्रामुख्याने आम्ल, निकस जमिनींतली. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (pH) आधीच 8 च्या आसपास, आणि कोळसाही अल्कधर्मी. तिथे कशाला घालायचा?

लष्करी अळीवर याचा उपयोग शून्य, फवारणी चुकली नाही. मजुरी मात्र जाते: पऱ्हाटी उपटून वाहायची, जाळापाशी उभं राहायचं, काळं व्हायचं. दुकानातल्या तयार बायोचारचा भाव विचारला आणि तसाच परत आलो. घरची पऱ्हाटी, हलकं रान आणि खड्ड्याजवळ पाणी असेल तर करा. पुढच्या पऱ्हाटीचा कोळसा त्याच मुरमाड तुकड्याच्या उरलेल्या अर्ध्यात जाणार. तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे पहिल्या अर्ध्याला आता फक्त खत.