पीठ दाखवून वाळवीचे पैसे घेणारी टोळी: कोकणातल्या घरांसाठी इशारा

गणपतीच्या आधी गावोगाव फिरणाऱ्या एका टोळीबद्दल लिहिते आहे. ‘वाळवी ट्रीटमेंट आणि पॉलिश, एकाच माणसाकडून, एकाच खर्चात’ असं सांगत ही मंडळी दारात येतात. आमच्या गुहागर तालुक्यातल्या घराला त्यांनी ४५,७०० रुपयांना चुना लावला. त्यांची पद्धत इतकी घोटून बसवलेली आहे की पुढचं घर कुठलं तरी नक्की ठरलेलं असणार, म्हणून सगळं तपशिलात सांगते.

घर आजोबांच्या काळातलं, चिऱ्याचं. ओटी-पडवीवर मिळून आठ सागवानी खांब, माजघराचं जाड दार, झोपाळा. चौकटी काही सागाच्या, काही फणसाच्या. तिथे आत्या एकटी राहते, आम्ही बाकीचे ठाण्याला. भर श्रावणात दोघे तरुण आले. टीशर्टवर कंपनीचं नाव, गळ्यात ओळखपत्र. “आजी, तपासणी फुकट आहे, नुसतं बघून जातो.” एकाने खांबावर हातोडीच्या दांड्याने ठोकलं, खाली कागद धरला, कागदावर चिमूट-दोन चिमटी पीठ जमा झालं. मग मोबाइलला जोडलेली कॅमेऱ्याची बारीक नळी खांबाच्या फटीत घातली आणि पडद्यावर वाळवी वळवळताना दाखवली. “गणपतीत माणसं जमणार, आणि ओटी खाली आली तर?” हे ऐकल्यावर आत्याचं अवसानच गेलं. त्यांनीच तिच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि तोच पडदा मलाही दाखवला. आज गावात आणखी दोन घरं घेतली आहेत म्हणून हा दर, उद्या मिळणार नाही, हेही सांगून झालं.

दर काय? एका भोकाला पंधरा रुपये. खरी मेख इथे आहे. ‘पंधरा रुपये’ ऐकलं की कुणाला काही वाटत नाही. किती भोकं पाडणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. संध्याकाळी बिल आलं: भोकं १,४००, म्हणजे २१,००० रुपये. वर ‘पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश’ २६० चौरस फूट, ९५ रुपये दराने २४,७००. सोबत दहा वर्षांच्या गॅरंटीचं चकचकीत कार्ड. पैसे मी ठाण्याहून यूपीआयने पाठवले. खातं कंपनीचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं.

गणपती व्हायच्या आतच पॉलिश पांढरं पडायला लागलं. आधी पडवीकडच्या बाजूला ढग आल्यासारखं, मग ओटीवरही. फोन केला तर “दमट हवा आहे मॅडम, ऊन पडलं की आपोआप जाईल.” ऊन पडलं, ऑक्टोबरचा उकाडा सरला, ते काही गेलं नाही. पुढे पाटाचं काम करायला आमचे नेहमीचे सुतारकाका आले, तेव्हा त्यांनी खांबावरून नुसता हात फिरवला आणि विचारलं, “पावसात लाखेचं पॉलिश कुणी केलंन?”

लाख म्हणजे चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळवून मारतात. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थराखाली अडकून पांढरट डाग उठतात. कोकणातला जुना पॉलिशवाला या कामाला पावसाळ्यात हातच लावत नाही. पण बिलावर तर पीयू लिहिलं होतं! काकांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून खांबाच्या मागच्या बाजूला घासला. बोळा तांबूस झाला आणि बोटाला चिकट लागायला लागलं. लाख स्पिरिटने सुटते, वाळून पक्कं झालेलं पीयू सुटत नाही. शिवाय त्या पोरांनी सांगितलेलं ‘टू-पॅक’ पीयू म्हणजे दोन डबे असतात, बेस आणि हार्डनर. कामाच्या वेळी ते मिसळावे लागतात आणि मिसळलेलं काही तासांत वापरून संपवावं लागतं. आत्याने दोन डबे एकत्र होताना पाहिलेच नव्हते. एक कॅन आणि एक बादली, एवढंच त्यांचं सामान.

पॉलिशचं हे झालं. वाळवीचं प्रकरण याहून वाईट निघालं.

खांबाखाली धरलेल्या कागदावर पडलेलं पीठ आत्याने पुडी करून कपाटात ठेवलं होतं, आम्हाला दाखवायला. काकांनी ते चिमटीत चोळलं आणि म्हणाले, “हा प्लायचा भुसा. खरखरीत लागतो बघ.” त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते आपल्याकडच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. आपल्या घरांना लागते ती वाळवी बहुतेक जमिनीतून येते आणि ती पीठ पाडत नाही, माती आणते. भिंतीवर, खांबाच्या पायाशी, चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या की ती वाळवी. नळी मध्येच मोडून ठेवायची. पुढच्या काही दिवसांत ती पुन्हा जोडली गेली तर आत वाळवी जिवंत आहे. पीठ पडतं ते भुंग्याच्या जातीतल्या किड्यामुळे. त्याचं पीठ टाल्कम पावडरीसारखं मऊ असतं आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं दिसतात. त्यातला सर्रास आढळणारा किडा लाकडातल्या पिष्टावर जगतो, म्हणून तो नव्या लाकडाच्या पांढऱ्या भागाला लागतो. आजोबांच्या काळातल्या सागाच्या गाभ्यात त्याला खायला काही उरलेलं नाही. त्यात सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीलाही मानवत नाही. म्हणजे त्या पोरांनी पीठ दाखवून वाळवीचे पैसे घेतले, आणि तेही घरातल्या सगळ्यात टणक लाकडाचे.

मोबाइलवरच्या व्हिडिओचं कोडं शेजारच्या वाडीत सुटलं. तिथल्या वहिनींनाही तोच ‘थेट’ कॅमेरा दाखवला होता. त्यांच्या मुलाने पडद्याचा फोटो काढून ठेवलेला. वाळवीच्या बाजूला लाकडात अर्धवट तुटलेली एक गाठ होती, तीच गाठ मी व्हिडिओ कॉलवर पाहिली होती. त्यांच्या घराची चौकट फणसाची, आमचा खांब सागाचा!

काकांनी पटाशीने एका भोकातली लांबी (पुट्टी) काढून आत तार घातली. तार अर्ध्या इंचावर अडली. दुसरं उघडलं, तेही तसंच. आत ओल नाही, वास नाही. काही ठिकाणी तर भोकच नव्हतं, नुसता लांबीचा ठिपका देऊन वरून पॉलिश मारलेलं. वाळवीचं काम आणि पॉलिश एकाच माणसाकडून का, याचं उत्तर तिथे मिळालं. पॉलिश चढलं की भोकं मोजता येत नाहीत, खोली बघता येत नाही, आणि घर छान दिसतं म्हणून कुणी खरवडतही नाही.

आता हिशेब बघा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत लाकूडकामासाठी ६ मिमीची भोकं, ४५ अंश खाली तिरकी, दर १५० मिमीवर असं धरलेलं आहे. आमचा खांब आठ फुटी. एका बाजूला सोळा, दोन बाजूंना बत्तीस, आठ खांबांना २५६. दारं-खिडक्यांच्या चौकटी धरल्या तरी आकडा सातशेच्या आसपास जातो. बिलात १,४००. आणि औषध किती आणलं? पाच लिटरचा एक कॅन. १,४०० भोकांना वाटलं तर भोकामागे मूळ औषध चार मिलीसुद्धा येत नाही. पाण्यात ओतल्यावर ते दुधासारखं झालं म्हणून आत्याची खात्री पटली होती. पण पाण्यात पांढरं तर फिनेलही होतं, आणि घरात दोन दिवस वासही फिनेलचाच येत होता.

मुख्य म्हणजे जमिनीला त्यांनी हातच लावला नाही. वाळवीचं वारूळ खाली असताना वर खांब टोचून काय होणार? बांधून झालेल्या घरांसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्यात भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडून, प्रत्येकात जास्तीत जास्त लिटरभर औषध मुरवायला सांगितलं आहे. म्हणजे शंभर फूट भिंतीला शंभर लिटरपर्यंत द्रावण लागू शकतं. बादलीभर द्रावणात कुणी अख्ख्या घराची वाळवी मारायला निघालं तर त्याला ओटीवरूनच चहा देऊन वाटेला लावावं.

व्यावसायिक कीटकनियंत्रण करणाऱ्याला कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना लागतो. परवान्याची प्रत मागा, टीशर्टवरचं नाव बघून भुलू नका. औषधाचा डबा सीलबंद हवा, तुमच्यासमोर फोडायला लावा. लेबलवर नोंदणी क्रमांक आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असलेला चौकोन असतो. आमच्याकडे टाकून गेलेल्या कॅनवर लेबलच नव्हतं. भोकांचा दर कबूल करायचा तर जास्तीत जास्त भोकं किती, हे आधी लिहून घ्या. आणि भोकं पाडून झाल्यावर, लांबी भरायच्या आधी, स्वतः तार घालून बघा. लांबी-पॉलिश दुसऱ्या माणसाकडून करून घेतलेलं उत्तम.

आमच्या लाकडाचं काम आता काकांकडे आहे. लाख उतरवून आतल्या लाकडाला त्यांनी पुन्हा पातळ हातांनी लाखच दिली, पण डिसेंबरात. पावसाचे शिंतोडे बसतात त्या पडवीच्या खांबांना जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. ते दरवर्षी वैशाखात, आगोटीच्या म्हणजे पावसाच्या आधी. (जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.) माळ्यावरच्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचं तेवढं राहिलंय. ते हाताला उततं, त्यामुळे काका हातमोजे मिळाल्याशिवाय तयार नाहीत.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंदवली आहे, पोलीस ठाण्यात अर्जही दिला आहे. ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे तीही वाट उघडी आहे. शेजारच्या वहिनींनी रोख दिले होते, त्यांच्याकडे पावतीसुद्धा नाही. आमच्याकडे निदान यूपीआयची नोंद आणि कार्ड आहे. कार्डावरचा नंबर अजून चालू आहे, पण व्हॉट्सॲपवर नाव बदललंय: आता ‘टेरेस वॉटरप्रूफिंग, तपासणी मोफत’.