टाकीसाठी अ‍ॅल्युमिनियम: ५०५२ की ६०६१?

मच्छीमार होडीची डिझेल टाकी बनवायची आहे, पत्रा ५०५२-एच३२ घ्यावा की ६०६१-टी६, असा एका मित्राचा प्रश्न. (आकडे म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे प्रकार; एच३२ म्हणजे थंड रोलिंगने कडक केलेला, टी६ म्हणजे तापवून-विझवून कडक केलेला.) डीलर म्हणतो ६०६१ ‘जास्त स्ट्राँग’. ते खरंच आहे, पण ती ताकद आली कुठून हे आधी बघा.

ताकद: ६०६१-टी६ साधारण २७५ मेगापास्कल (ताणाचं एकक) एवढ्या ताणाला कायमचा वाकायला लागतो, ५०५२-एच३२ सुमारे १९५ ला. ६०६१ सुमारे ५३० अंशांना तापवून पाण्यात विझवतात आणि मग १६०-१७५ अंशांवर कित्येक तास ठेवतात. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातूतल्या थरांचं सरकणं अडवतात. ५०५२ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, बाकीचं काम थंड रोलिंग (न तापवता रोलरांमधून दाबणं) करतं.

वेल्डिंग: खरी गोची इथे. वेल्डच्या उष्णतेने ६०६१ मधले ते कण जाडे होतात, आणि जोडाशेजारी जवळपास निम्मी ताकद जाते. परत मिळवायची तर अख्खी टाकी भट्टीत घालावी लागेल; कोण घालतंय! ५०५२ सुद्धा जोडाजवळ मऊ पडतो, पण त्याचं मुळात गमावण्यासारखं कमी.

वाकवणं: टी६ पत्रा प्रेसवर लहान त्रिज्येत दुमडला की बाहेरून तडकतो. ५०५२ निमूट वाकतो.

खारं पाणी: ५०५२ सरस. वजनात फरक नाही.

टाकी, ट्रे, पत्र्याचं वेल्डेड काम असेल तर ५०५२. मिलिंग करून ब्रॅकेट, फ्लँज, बोल्टने जोडायची फ्रेम करायची तर ६०६१; मशीनवर ५०५२ टूलला चिकटत बसतो.