‘कायमचा करपारोधक’ बटाटा आणि नाव नसलेले बेणे

‘करपा येणारच नाही, फवारणीची गरज नाही’ असे छापील पत्रक दाखवून आम्हा काही शेतकऱ्यांना विकलेले बटाट्याचे बेणे, ढगाळ व दमट हवा टिकताच उशिराच्या करप्याने काळे पडले. बेणे घेणाऱ्या इतरांनी सावध व्हावे म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

जंगली बटाट्यातील जनुक या बेण्यात आहे, असा विक्रेत्याचा दावा होता. अशी जनुके खरोखर असतात, म्हणूनच हा दावा खपतो. मेक्सिकोतील सोलॅनम डेमिसम या रानटी जातीतून करप्याला रोखणारी जनुके विसाव्या शतकात लागवडीच्या बटाट्यात आणली गेली. मात्र असे प्रत्येक जनुक रोगकारकाचे एखादे ठरावीक प्रथिन ओळखून झाडाला सावध करते, आणि ते प्रथिन बदललेला वंश पसरला की संरक्षण संपते. डेमिसमच्या जनुकांचे पुष्कळ ठिकाणी हेच झाले. तेव्हा करप्याबाबत ‘कायमचा’ म्हणणारा एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड. आमचा अडाणी नव्हता.

जाब विचारल्यावर त्याने सांगितले की बेणे पुढच्या पिढीचे असल्याने प्रतिकारशक्ती उतरली. हे साफ खोटे आहे. कंदापासून लावलेल्या बटाट्यात जनुके जशीच्या तशी येतात. पिढ्यांगणिक बेण्यात साचतात ते विषाणू, आणि करपा विषाणूंमुळे होत नाही. मग दोष गोणीसोबतच्या गुलाबी पावडरीवर गेला, ती म्हणे नीट चोळली गेली नाही. कंदाला चोळलेल्या पावडरीने जनुक तयार होत नाही, एवढे तरी त्याला नक्कीच ठाऊक असणार.

खरी मेख गोणीवरच होती. तिच्यावर ठसठशीत व्यापारी नाव होते, पण वाणाचे नाव कुठेच नव्हते. प्रतिकारक्षमता हा वाणाचा गुण आहे आणि तोही रोगागणिक वेगळा: उशिराचा करपा सोसणारे वाण लवकरच्या करप्याला बळी पडू शकते, आणि पाला तग धरणाऱ्या वाणाचे कंदही तग धरतील असे नाही. म्हणून वाण कोणते, प्रतिकार कोणत्या रोगाला आणि तो पाल्यात की कंदात, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

तक्रार करताना कळले की पावतीवर ‘बेणे’ नव्हे, नुसते ‘बटाटा’ लिहिले आहे, आणि विक्रेता आता खाण्याचा माल विकल्याचे सांगतो. पावतीवर बेणे, वाण व लॉट क्रमांक लिहून घ्यावा, आणि गोणीचे लेबल काढणीपर्यंत जपून ठेवावे.