कुशनवाल्याकडून बांधून घेतलेली सीट : पावसाळा ते मे

मागच्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आत मोटारसायकलची सीट बांधून घेतली. तिच्यावर कोल्हापूरचा अख्खा पावसाळा गेला, थंडी गेली, आता मे संपत आलाय. म्हणून सविस्तर लिहितोय. लांबच्या प्रवासात बूड आणि कंबर धरत असेल, तर ऑनलाइन महागडी टूरिंग सीट मागवायच्या आधी आपल्या गावातल्या जाणत्या कुशनवाल्याकडे अर्धा दिवस घालवा. मला तरी याचा उपयोग झाला.

गाडी ३५० सीसीची, सरळ बसायची. माझं वजन ऐंशीच्या पुढे, उंची बेताची. कामासाठी बेळगाव आणि रत्नागिरी नेहमीचं, अधूनमधून पुणं. बेळगाव शंभर-एकशेदहा किलोमीटर, तेवढं मूळ सीटवर निभत होतं. पुण्याला जाताना कराडपर्यंत काही वाटायचं नाही, पण सातारा जवळ आला की बुडाची दोन्ही हाडं जळायला लागायची आणि मांडीत मुंग्या यायच्या. त्यात सीटला उतार टाकीकडे. ब्रेक दाबला की पुढे घसरायचं, मग हँडल रेटून मागे सरकायचं, परत घसरायचं. दुखणं बुडाचं वाटतं, पण मनगटं आणि खांदेही त्यातच जातात.

बसल्यावर अंगाचा बहुतेक भार येतो तो बुडाच्या दोन हाडांवर. फोम मऊ असला तर हाडं त्यात रुततात, फोम पूर्ण दबतो आणि शेवटी खालच्या प्लास्टिकच्या पॅनवर टेकतात. म्हणून दुकानात पाच मिनिटं बसून गादीसारखी वाटणारी सीट दोन तासांनी छळते. फोम घेताना लोक घनता विचारतात, पण घनता म्हणजे कडकपणा नव्हे. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती घनता. ४० घनतेचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. घनतेवरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो, तुम्हाला तो मानवेल का हे बसूनच कळतं.

बाकीचे पर्यायही बघितले. मित्राचा जेल पॅड काही दिवस वापरला. भार छान पसरवतो, पण गाडी उन्हात अर्धा तास उभी राहिली की तो तापतो आणि लवकर थंड होत नाही. आपल्याकडे सावलीत पार्किंग मिळायची मारामार, तेव्हा तो बाद. हवेचा पॅड जास्त कामाचा वाटला. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या कप्प्यांच्या गाद्या वापरतात, त्यातलंच तंत्र. त्यात हवा टम्म भरायची नसते, बूड सीटपासून बोटभर सुटलं की बास. हायवेला उत्तम. पण आंबा घाटात वळणावर गाडी झुकवली की बूड वेगळं आणि गाडी वेगळी असं वाटत राहतं, शिवाय उंची वाढल्यामुळे माझे पाय नीट टेकेनात. मेमरी फोम मी टाळलाच. तो थंडीत कडक आणि उन्हात ढिला होतो, आणि आपल्याकडे दोन्ही ऋतू कडक.

शेवटी उद्यमनगरच्या बाजूला एका वयस्कर कुशनवाल्याकडे गेलो. रिक्षा, ट्रॅक्टर, बुलेट, सगळ्यांच्या सीटा त्यांच्याकडे. मी म्हटलं, "मामा, मऊ करून द्या." ते म्हणाले, "मऊ फोम दुकानात बरा वाटतोय ओ. निपाणीच्या पुढं गेलासा की कळतंय." मग त्यांनी मला गाडीवर बसवलं, तीही साइड स्टँडवर नाही. पोराला गाडी सरळ धरायला लावली आणि माझे दोन्ही पाय फूटपेगवर ठेवायला सांगितले. मी जिथे सहज टेकलो तिथे मार्करनं खुणा केल्या.

कव्हर उचकटल्यावर आतला फोम बघण्यासारखा होता. बरोबर दोन हाडांच्या जागी दोन खड्डे, कडेचा फोम मात्र नव्यासारखा फुगलेला. त्यांनी हॅक्सॉच्या पात्यानं तेवढा भाग कापून काढला आणि तिथे रिबाँड बसवला, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला कडक फोम. पुढच्या बाजूला थोडा जास्त जाड ठेवला, त्यामुळे टाकीकडचा उतार मोडला. त्यावर इंचभर मऊ थर सोल्यूशननं चिकटवला. मग ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून घासायला सुरुवात केली. अधूनमधून थांबायचे आणि तळहात फिरवून उंचवटा शोधायचे. डोळ्यांना सरळ दिसणारा भाग त्यांच्या हाताला वाकडा लागायचा, आणि मी बसलो की तोच टोचायचा.

कव्हर चढवायच्या आधी त्यांनी नुसत्या फोमवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि म्हणाले, "शिरोलीपर्यंत फिरवून आणा, मग बोला." या कामातली सगळ्यात मोलाची पायरी हीच. फिरून आल्यावर सांगितलं की मांडीच्या आतल्या बाजूला कड लागते आणि सिग्नलला टाचा टेकत नाहीत. त्यांनी पुढचा भाग दोन्हीकडून निमुळता केला, कडा गोल केल्या, मागची रुंदी तशीच ठेवली. परत फिरवून आणली. दुसऱ्यांदा बसलो तेव्हाच फरक कळला. जो कुशनवाला असं फिरवून आणू देत नाही, त्याच्याकडे काम देऊ नका.

कव्हरला साधं खरबरीत रेक्झिन घेतलं. चौकड्यांची शिलाई दिसायला देखणी असते, पण माझ्या सीटला वरून एकही शिलाई नाही, सगळ्या कडेला. वरची शिलाई नेमकी हाडाखाली येते, आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत जातं. फोम एकदा भिजला की दिवसेंदिवस वाळत नाही. म्हणून रेक्झिनखाली जाड प्लास्टिकही टाकून घेतलं. फोम, रेक्झिन आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आसपास गेले.

पहिले काही आठवडे सीट कडक लागली. नवीन फोम बसायला हजारेक किलोमीटर द्यावेच लागतात. त्यानंतर तिनं जो आकार धरला तो आजही तसाच आहे. जुलैत गाडी दिवस दिवस पावसात उभी असायची. वरून फडकं मारलं की बसायला कोरडी, आतून पाणी कधी वर आलं नाही. फक्त पुढच्या कोपऱ्यातल्या स्टेपल पिना गंजल्या आणि तिथलं रेक्झिन जरा सुटलं. तुम्ही करून घेणार असाल तर स्टीलच्या, न गंजणाऱ्या पिना मागा.

पुण्याला आता एका चहावर पोहोचतो, तोही चहासाठी थांबतो म्हणून. पण सीट सगळं निभावत नाही, हेही लिहिलं पाहिजे. कागल-सातारा सहापदरीकरणाच्या कामात वळवलेल्या रस्त्यांवर जे दणके बसतात ते कंबरेलाच जातात. ते मागच्या शॉकअपचं काम आहे. माझ्या वजनाप्रमाणे स्प्रिंगचा ताण एक घर वाढवून घेतल्यावर बरंच सुधारलं. ते फुकटात होतं, म्हणून सीटला हात लावायच्या आधी तेवढं आणि टायरमधली हवा बघून घ्या.

उन्हाळ्यात मात्र काळं रेक्झिन चटके देतं आणि घाम धरून ठेवतं. त्यावर घरातल्या जुन्या धनगरी घोंगडीचा तुकडा कापून, खाली इलास्टिक शिवून घातला. लोकर खरखरीत असल्यामुळे हवा खेळते, घाम साचत नाही आणि घसरायलाही होत नाही. जाळीच्या कव्हरपेक्षा मला हे जास्त आवडलं, पण पावसाच्या आधी काढून ठेवायला लागतं, भिजली की मणभर जड होते.

खरी तक्रार मागच्या सीटची आहे. पुढचा भाग माझ्या मापानं झाला, मागचा होता तसाच राहिला. जोतिबाहून उतरताना बायको पुढे घसरत माझ्या पाठीवर येते आणि तिला सगळा रस्ता मागची दांडी धरून बसावं लागतं. पाऊस लागायच्या आत मागची बाजू परत उघडायची ठरलंय. पुढच्या कडेला रिबाँडची पट्टी टाकून उतार काढायचा, असं मामांनी सांगितलंय. या वेळी खुणा तिला बसवून करायच्या, आणि फिरवून आणायला आम्ही दोघं जाणार आहोत.