ओट्यासाठी कडप्पा की काळा ग्रॅनाइट? रंगाआधी खनिजे पाहा

नागपुरात नवे घर बांधताना किंवा जुन्या स्वयंपाकघराचे काम काढताना ओट्याच्या दगडाची चर्चा बहुधा रंगापासून सुरू होते आणि भावापाशी येऊन थांबते. दगड किती टिकणार हे मात्र त्यातील खनिजे ठरवतात, आणि एकसारखाच रंग अगदी भिन्न खनिजांतून येऊ शकतो. दुकानात शेजारी-शेजारी उभे केलेले कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट पाहिले, की हे लगेच पटते.

कडप्पा हा चुनखडक, म्हणजे गाळापासून बनलेला खडक आहे. त्यातील मुख्य खनिज कॅल्साइट शुद्ध रूपात रंगहीन किंवा पांढरे असते. चुनखडकाला काळेपणा येतो तो प्रामुख्याने गाळाबरोबर साचलेल्या बारीक कार्बनी पदार्थामुळे. काळा ग्रॅनाइट मात्र अग्निज खडक असून त्याचा काळेपणा मूळ खनिजांचाच आहे: लोह आणि मॅग्नेशियम असलेले पायरोक्सिन, गडद प्लेजिओक्लेज फेल्डस्पार आणि थोडे मॅग्नेटाइट. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार यांच्या एकूण प्रमाणात क्वार्ट्‌झ २० ते ६० टक्के असावे लागते. काळ्या ग्रॅनाइटमध्ये ते जवळजवळ नसतेच, म्हणून भूशास्त्रज्ञ त्याची गणना सहसा गॅब्रो किंवा डोलेराइटमध्ये करतात. सीताबर्डीच्या टेकडीचा बेसाल्ट याच कुळातला आहे. खनिजे तीच, परंतु सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा पृष्ठभागावर झपाट्याने थंड झाल्यामुळे त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, तर खोल जमिनीत सावकाश थंड झालेल्या गॅब्रोचे कण स्पष्ट दिसतात.

ओट्यावर हा फरक रोज जाणवतो. मोहस् मापनश्रेणीत कॅल्साइटची कठिणता ३, फेल्डस्पारची ६ आणि साध्या चाकूच्या पात्याची साडेपाचच्या आसपास असते. त्यामुळे कडप्प्यावर सुरीचे ओरखडे उठतात, ग्रॅनाइटवर सहसा उठत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॅल्साइट आम्लात विरघळते. लिंबू, चिंच किंवा संत्र्याचा रस सांडून तसाच राहिला, तर पॉलिश जाऊन तेथे निस्तेज डाग पडतो आणि कितीही घासले तरी तो निघत नाही, कारण तेथील दगडच झिजलेला असतो. म्हणून फळ्या, मांडणी आणि ओट्याखालचे कप्पे यांसाठी कडप्पा उत्तम व स्वस्त आहे. वरच्या पृष्ठभागासाठी मात्र मी तो सुचवणार नाही.

खरेदीपूर्वी दुकानदाराकडून एक तुकडा मागून घ्यावा. त्याच्या पॉलिश नसलेल्या मागच्या बाजूवर खिळ्याने ओरखडा काढावा, निघालेल्या भुकटीवर लिंबाचा ताजा रस पिळावा आणि उजेडात नीट पाहावे: बारीक बुडबुडे उठले, तर तो चुनखडक किंवा संगमरवर समजावा. काही फिकट करडे दगड रंगवून काळे म्हणूनही विकले जातात, त्यामुळे अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस पॉलिश बाजूवर घासून पाहणे अगत्याचे आहे. कापूस काळा झाला, तर तो दगड घेऊ नये.

पांढऱ्या दगडांतही हीच गल्लत होते. मकराण्याचा संगमरवर हा रूपांतरित चुनखडक असल्याने त्याचे गुणदोष कडप्प्यासारखेच आहेत. देवघराला तो शोभतो, फोडणीच्या ओट्याला नाही. फिकट ग्रॅनाइट दुरून तसाच दिसला, तरी त्यातील क्वार्ट्‌झची कठिणता ७ आहे. इलकलच्या गुलाबी-लाल ग्रॅनाइटचाही विचार जरूर करावा. अशा ग्रॅनाइटमधील पोटॅश फेल्डस्पारमध्ये हेमटाइटचे अतिसूक्ष्म कण अडकलेले असतात. लाली त्या लोह ऑक्साइडची असून ती दगडाच्या आतपर्यंत असल्याने पुसली जात नाही.

अंगण आणि गच्चीसाठी हिशेब बदलतो. तेथे आम्लाचा प्रश्न फारसा येत नाही, पण मे महिन्यातील नागपूरच्या उन्हात काळा दगड इतका तापतो की अनवाणी पाय ठेवणे अशक्य होते. अशा ठिकाणी पॉलिश न केलेला फिकट कोटा घ्यावा. तो चुनखडक असला, तरी खडबडीत राहिल्याने पावसाळ्यात पाय कमी घसरतो.