डेक्स्टर: चौथ्यात उठायचं की आठव्यापर्यंत बसायचं?

'डेक्स्टर' बघू का, असं कुणी विचारलं की माझा उलट प्रश्न असतो: कुठपर्यंत? आठ सीझन, प्रत्येकी बारा एपिसोड, म्हणजे एकूण ९६, आणि एकेक साधारण पन्नास मिनिटांचा. चौथ्यानंतर थांबलात तर चाळीसेक तासांत मोकळे. पूर्ण बघायचं ठरवलंत तर ऐंशी. हे दुसरे चाळीस तास पहिल्या चाळिसांच्या पासंगालाही पुरत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

विषय ठाऊक नसेल तर थोडक्यात: मायामी पोलिसांसाठी रक्ताच्या शिंतोड्यांवरून गुन्ह्याचा माग काढणारा डेक्स्टर मॉर्गन रात्री स्वतःच खून पाडतो, पण कायद्याच्या हातून निसटलेल्या खुन्यांचे. ज्याने त्याला दत्तक घेतलं तो हॅरी पोलीस होता. मुलाच्या अंगातलं हे वेड वेळीच ओळखून त्याने नियम घालून दिले, आणि त्यातला पहिला म्हणजे पकडलं जायचं नाही. मालिकेची सगळी धाकधूक या एका नियमावर उभी आहे. तिची घसरणही तिथूनच सुरू होते.

२००६ ते २००९ या पहिल्या चार सीझनमध्ये डेक्स्टर खरोखर सापडू शकतो. सार्जंट डोक्सला हा माणूस पहिल्या दिवसापासून खटकतो आणि तो त्याची पाठ सोडत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये पाणबुड्यांना समुद्राच्या तळाशी प्रेतांच्या पिशव्या सापडतात, एफबीआय येते, आणि डेक्स्टर ज्या खात्यात काम करतो तेच खातं त्याला शोधू लागतं. तपास पुढे सरकला की आपल्याला घाम फुटतो. खुनी सुटावा म्हणून आपण जीव मुठीत धरून बसलोय हे लक्षात येतं, तेव्हा जरा ओशाळल्यासारखंही होतं. तिसरा त्या मानाने मवाळ आहे. जिमी स्मिट्सने रंगवलेला सरकारी वकील मिगेल प्राडो नसता तर विसरूनही गेलो असतो.

चौथा मात्र शिखर. त्याची सुरुवातच बघा. मालिकेच्या शीर्षकदृश्यात डेक्स्टरची सकाळ दिसते: डास मारणं, दाढी, अंडं, बुटाची नाडी, सगळं कसं नेमकं आणि किंचित भीतिदायक. चौथ्याच्या पहिल्याच एपिसोडमध्ये तीच सकाळ पुन्हा येते, पण आता घरात तान्हं मूल आहे आणि बापाची झोप झालेली नाही. डास निसटतो, नाडी तुटते. एक शब्द न बोलता पुढच्या बारा एपिसोडचा विषय सांगून टाकलाय. मग येतो जॉन लिथगोने साकारलेला सीरियल किलर, ट्रिनिटी. बाहेरून चर्चला जाणारा, लोकांची घरं बांधून देणारा कुटुंबवत्सल गृहस्थ. त्याच्या घरचं थँक्सगिव्हिंगचं जेवण हा मालिकेतला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग. टेबलावर सगळे जमलेत, प्रत्येकजण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगतोय, आणि बायकोमुलांच्या नजरेत नुसती दहशत. या भूमिकेसाठी लिथगोला एमी आणि गोल्डन ग्लोब दोन्ही मिळाले. सीझनचा शेवट मी फोडणार नाही. तुम्हीही आधी शोधू नका.

त्यानंतर मालिकेची सूत्रं सांभाळणारे क्लाइड फिलिप्स बाहेर पडले. पाचवा चिप जोहानेसन यांनी केला, सहावा ते आठवा स्कॉट बक यांनी. सगळं खापर माणसं बदलण्यावर फोडता येणार नाही, पण एक फरक ढळढळीत आहे: डेक्स्टर आता हुशारीने कमी आणि योगायोगाने जास्त सुटतो. खात्यातले लोक तर एवढे बावळट होत जातात की यांनी आधीचे गुन्हे कसे उकलले असतील असा प्रश्न पडावा.

तरी उतार एकसारखा नाही. पाचव्यात जुलिया स्टाइल्सची ल्युमेन आहे, अत्याचारातून वाचलेली तरुणी, आणि त्यातलं दुःख खरं वाटतं. सहाव्यातला मोठा धक्का सवयीच्या प्रेक्षकाला सीझन अर्धा व्हायच्या आत कळतो, आणि तो कळल्यावर बघण्यासारखं फारसं उरत नाही. सातव्यात मालिका अनपेक्षितपणे उठून बसते. रे स्टीव्हन्सनचा आयझॅक सर्को हा ट्रिनिटीनंतरचा एकमेव तोलामोलाचा प्रतिस्पर्धी, आणि बहीण देब्राला इथे प्रथमच पेलण्याजोगं ओझं मिळालंय. आठवा? डोक्यावर तलवार लटकत असताना लेखक डेक्स्टरचे सहकारी क्विन आणि मसुका यांच्यात, म्हणजे क्विनच्या बढतीच्या परीक्षेत आणि मसुकाच्या मुलीत रमलेत. शेवट तर असा की सप्टेंबर २०१३ मध्ये लोकांनी कपाळावर हात मारून घेतला. पुढच्याच रविवारी 'ब्रेकिंग बॅड' संपली, आणि तुलना टाळणं कुणालाच जमलं नाही.

एकाच गुन्हेमालिकेला वेळ द्यायचा असेल, तर मात्र मी 'द वायर'कडे बोट दाखवीन. २००२ ते २००८, पाच सीझन, ६० एपिसोड. बाल्टिमोर शहर, दर सीझनला नवा कोपरा: रस्त्यावरचं अमली पदार्थांचं जाळं, बंदर, राजकारण, शाळा, वर्तमानपत्र. दर्जा जवळपास शेवटपर्यंत टिकतो. गंमत म्हणजे कुरकुर होते ती पाचव्याबद्दल, ज्यात एक पोलीस निधी मिळवण्यासाठी खोटाच सीरियल किलर उभा करतो. पण पहिले चार-पाच एपिसोड ती तुम्हाला हाताला धरून नेत नाही. 'डेक्स्टर' पहिल्या रात्रीच पकडते. दिवसभर राबून संध्याकाळी टीव्हीसमोर बसणाऱ्याला हा फरक छोटा नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. बहुतेकांनी चौथ्याचा शेवटचा एपिसोड बघून बंद करावं. देब्रात जीव अडकला असेल तर पाचवा बघा, सहाव्याचा फक्त शेवटचा एपिसोड बघा (सातव्याची सगळी कथा त्याच्या अखेरच्या मिनिटातून निघते) आणि मग सातवा. आठवा फक्त त्यांनी, ज्यांना २०२१ मध्ये आलेला कथेचा पुढचा भाग, 'न्यू ब्लड', बघायचाय. बर्फाळ आयर्न लेकमधले हे दहा एपिसोड फिलिप्स परतल्यामुळे पुन्हा ताणलेले आहेत, पण चौथ्यावरून थेट तिथे उडी मारता येत नाही. मधल्या माणसांचं काय झालं ते माहीत लागतं. त्याच्याही शेवटावरून भांडणं झालीच. २०२५ मध्ये 'रिझरेक्शन' नावाचा पुढचा भाग आला, यावरून काय ते समजून घ्या.