व्यसनमुक्ती ओपीडी आणि जिभेखालची गोळी, पाच महिन्यांचा अनुभव

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही कारण भावाची ट्रीटमेंट अजून चालू आहे. सरकारी आहे, ठाणे जिल्ह्यातलं. रेटिंग चार स्टार.

आधी थोडं मागचं सांगते. माझा धाकटा भाऊ खोकल्याचं कोडीनवालं (कोडीन म्हणजे अफूच्या जातीचं औषध) सिरप प्यायचा, 100 एमएलची बाटली, दिवसाला तीन. आम्हाला वर्षभर कळलंच नाही, दारूसारखा वास नाही काही नाही, फक्त चहात साखर वाढली, इसबगोल वाढलं आणि दात किडायला लागले. कळल्यावर घरचे म्हणाले विलपॉवर पाहिजे, म्हणून एका प्रायव्हेट सेंटरला तीन महिने ठेवला, पैसे आगाऊ, फोन जप्त, औषध शून्य, सकाळ संध्याकाळ प्रार्थना आणि फटके. बाहेर आल्यावर आठवड्यात त्याने जुना डोस एकदम मारला आणि बाथरूमबाहेर पडला, ओठ निळे, श्वास मोजायला लागेल इतका सावकाश. कॅज्युअल्टीत नॅलोक्सोनचं, म्हणजे असल्या नशेवरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन दिलं आणि दोन मिनिटांत उठून मलाच म्हणतो, ताई मला कशाला आणलं इथे. तीन महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते, मग पूर्वी पचायचा तोच डोस जीवघेणा होतो, हे त्या सेंटरवाल्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

कॅज्युअल्टीतल्याच डॉक्टरने या ओपीडीला पाठवलं.

आता मेन रिव्ह्यू. लाईन मोठी, केस पेपरची वेगळी, औषधाची वेगळी. पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी अर्धा तास दिला आणि माझ्या आईला समजेल असं सांगितलं. म्हणाल्या, आई, मेंदूत रिसेप्टर असतात, एसटीतल्या सीटसारखे समजा, त्यातल्या म्यू नावाच्या सीटवर आपल्याच शरीरातली एंडॉर्फिन अधूनमधून येऊन बसतात, दुखलं खुपलं की आराम पडतो. कोडीनचं लिव्हरमध्ये मॉर्फीन होतं आणि ते येऊन त्याच सीटवर बसतं, घोळक्याने. मग डोपामिनला, म्हणजे मेंदूला शाबासकी देणाऱ्या रसायनाला, जो ब्रेक असतो तो सुटतो, मेंदू म्हणतो हे जेवणापेक्षा भारी, हेच परत आण. रोज गर्दी झाली की सीट सुस्त होतात, एका बाटलीचं काम तीन बाटल्या करतात. आणि एक दिवस बाटली नाही मिळाली की इतके दिवस दाबून ठेवलेली धोक्याची घंटा एकदम जोरात वाजते, घाम, जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा, जुलाब. यालाच पोरं टर्की म्हणतात. जुलाब का, तर हेच रिसेप्टर आतड्यातही आहेत, म्हणून आधी इसबगोल लागत होतं. (जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी पण याच जातीची निघाली, फक्त नेहमीच्या डोसात ती मेंदूत पोचत नाही. मी तर हातच जोडले.)

मग गोळी. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन, जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, सिस्टर टॉर्च मारून जीभ वर करायला लावतात. चव घाण, भाऊ म्हणतो कडुलिंबात साबण. आईचा प्रश्न तोच, एक नशा सोडून दुसरी का. मॅडम म्हणाल्या, ही खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारी आहे, एकदा बसली की कोडीनला जागा मिळत नाही, पण स्वतः अर्धवटच काम करते, टर्की थांबेल इतपत, आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी असर फार वाढत नाही. आणि सोबतचं नॅलोक्सोन जिभेखालून जवळजवळ शोषलंच जात नाही, पण कोणी गोळी पाण्यात घालून सुईने घ्यायला गेलं तर तेच टर्की आणतं.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच घ्यायची असते. भावाने सांगितलं काल रात्रीपासून काही घेतलं नाही, प्रत्यक्षात सकाळी सातला बाटली झालेली. गोळीने सीटवरच्या सगळ्यांना एकदम उठवलं, अर्ध्या तासात तो ओपीडीच्या जिन्यात ओकत होता, दात वाजत होते आणि मी ओढणीने त्याचं तोंड पुसत होते. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, दादा, माझ्याशी खोटं बोललास तरी चालेल, रिसेप्टरशी नाही चालत.

घरी येऊन मी रात्री वाचत बसले. हे रिसेप्टर 1973 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिले, आणि शरीराचा स्वतःचा माल 1975 मध्ये स्कॉटलंडला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत सापडला. म्हणजे सीट आधी सापडली, पॅसेंजर नंतर. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला आणि आमच्या बिल्डिंगमध्ये अजून विलपॉवरच चालू आहे.

तक्रारी आहेत. एकदा गोळीचा स्टॉक चार दिवस नव्हता, कुठल्याही केमिस्टकडे सहज मिळत नाही, ते चार दिवस मी भावाला एकटं सोडलं नाही. काउन्सेलर एकच, त्यामुळे दहा मिनिटांत गुंडाळतात. पाच महिन्यांत एकदा त्याचा पाय घसरला, ते त्याने स्वतः येऊन सांगितलं, डोस थोडा वाढवला, पुढे चालू. आता वजन वाढलंय, चहात साखर एक चमचा.

कोणाला विचारायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. ओपीडीला साडेआठच्या आत पोचा, आधार कार्ड आणि झेरॉक्स दोन्ही न्या, आणि पेशंटला उपाशी नेऊ नका. एक स्टार स्टॉकचा कापलाय.